पडद्याआड विचारलेला एक प्रश्न

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे बरं का, दवाखान्यातला. लाकडी चौकट आणि त्यावर ताणलेलं हिरवं कापड. मैत्रिणींनो, तुमच्या आया-आत्या माझ्याआड येऊन गेल्या आहेत. आणि मित्रांनो, तुम्हीही बसा, उठून जाऊ नका. असल्या गोष्टी निघाल्या की उठून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो.

बंगळूरच्या चामराजपेटेत भीमसेन सुतारानं मला घडवलं. नव्वद सालाच्या आसपास डॉक्टर सुचेता पुण्याहून आल्या, त्यांनी मला तपासणीच्या टेबलापुढे उभं केलं. हा आहे म्हणून बायका मोकळेपणानं बोलतील, असं त्या म्हणाल्या आणि मी फुगून गेलो. पुढे कळलं, की बायका माझ्याआड कपडे सोडतात, बोलत मात्र नाहीत.

सुप्रीता अशीच आली. पंचविशीची, लग्न ठरलेली, मोपेडवरून राजाजीनगरच्या ऑफिसात जाणारी. योनीच्या तोंडाशी कातडीच्या दोन घड्या असतात. तिच्या जरा लांब होत्या. गाडीवर घासून सोलवटायच्या, पाळीत तर बसवत नसे. सोबत आत्या होती, सत्यक्का. इथल्या जुन्या मराठी घरांची रीतच तशी. डॉक्टरकडे मुलीनं मान खाली घालून बसायचं आणि बोलायचं मोठ्या बाईनं.

डॉक्टर आधी म्हणाल्या, की यात वेडंवाकडं काही नाही, प्रत्येकीची ठेवण निराळी असते. मग त्यांनी लेबियाप्लास्टी समजावली. जादा कातडी कापून टाके घालायचे. घासणं थांबेल, हे खरं. पण आत रक्त साकळू शकतं, जखम पिकते, टाके उसवतात, तिथली जाणीव जाते, नाहीतर व्रण जन्मभर दुखतो. शिवाय कापलेलं परत जोडता येत नाही. तेव्हा मलम लावा, सैल कपडे घाला, सावकाश विचार करा, असं सांगून त्यांनी दोघींना घरी पाठवलं.

मलमानं काही झालं नाही. सुप्रीताला खरोखर सोसवत नव्हतं. ती परत आली तेव्हा डॉक्टर तयार झाल्या. रक्ताची साधी तपासणीही ठीक निघाली.

माझ्याआड कपडे बदलताना सुप्रीतानं कुजबुजून विचारलं, "अक्का, दाढेचं सांगायचं का?" दाढ काढली तेव्हा तिचं रक्त थांबेचना, उशी भिजली होती. सत्यक्कानं डोळे वटारले. बाहेर ट्रे घेऊन चंद्राबाई नर्स उभी होती ना! ती आपल्यातलीच, आणि मुलाकडच्यांच्या अगदी शेजारी राहणारी. मुलीच्या रक्तात खोट आहे हे तिच्या कानी गेलं, तर लग्न मोडलंच म्हणायचं. चंद्राबाई बिचारी कुणाचं काही बोलणारी नव्हती, पण भीती ती भीतीच. डॉक्टर पुण्याच्या, त्यांना हे नातंगोतं कुठून ठाऊक असणार?

त्यांनी सत्यक्काकडे वळून विचारलं, "साध्या तपासणीत सगळं कळत नाही, म्हणून तोंडी विचारते. कापलं-बिपलं तर रक्त लवकर थांबतं ना?"

"सगळं सरी आहे, एकदम ठीक," सत्यक्का म्हणाली. "लगेच थांबतं."

मला वाटलं, धाडकन कोसळावं हिच्या अंगावर.

शस्त्रक्रिया नीट झाली, पण दुसऱ्या दिवशी जागा सुजून काळीनिळी पडली. आत रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी टाके उघडले, बाटल्यांनी रक्त दिलं. मग ताप चढला, पू झाला. पोर कशीबशी वाचली.

नंतर डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढून तिला एकटीला विचारलं, तेव्हा दाढेचं बाहेर आलं. रक्त नीट न गोठण्याचा आजार होता. आधी कळतं तर औषध देता आलं असतं, नाहीतर कातडीला हातच लावला नसता.

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"मला कुठे विचारलंत? तुम्ही अक्काला विचारलंत."

डॉक्टर स्टुलावर बसल्या आणि तिलाच पहिल्यापासून सगळं विचारू लागल्या.

लग्न झालं. मुलाकडे कुणाला काही कळलं नाही. मोपेड विकली, कारण आता तो व्रण चालतानाही दुखायचा. वर्षभरानं सुप्रीता आली ती दिवस राहिलेली, सोबत सासू. डॉक्टर माझ्याआड तिला हळूच म्हणाल्या, "बाळंतपण कुठेही होवो, रक्ताचं सांगायचंच. जिवाशी गाठ आहे." सुप्रीतानं मान हलवली, पण तिची नजर माझ्याखालून दिसणाऱ्या सासूच्या पावलांवर होती.

मग डॉक्टरांनी सासूला खोलीबाहेर बसायला सांगितलं. आमच्यात असं नसतं, म्हणत सासूनं तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

आता मी माळ्यावर पडून आहे, कापड विरलंय. मैत्रिणींनो, माझी काळजी करू नका, मी लाकूड आहे. पण डॉक्टर विचारतील तेव्हा तुमच्या अंगाचं तुम्ही स्वतः सांगा. आणि सोबत आलेल्यांनो, तेवढा वेळ बाहेर बसा. त्या दुसऱ्या दवाखान्यात सुप्रीताला रक्ताचं कुणी विचारलं का, आणि विचारलं तर उत्तर कुणी दिलं, हे मला अजून माहीत नाही.