घोळावरच्या अळ्या

उत्तमराव सुर्व्यांच्या हातांवर गांधी उठल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे आरोपी ठरवला. बागेच्या कुंपणालगत घोळाची पिवळ्या फुलांची रानभाजी माजली होती, त्यावर काळ्या काटेरी अळ्या होत्या. अंगाला लागली की आग करणाऱ्या घोणस अळीचे फोटो त्यांनी मोबाईलवर पाहिलेच होते. काटे दिसले, निकाल लागला. इंद्रलोक भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी इशारा टाकला आणि रविवारी फवारणीवाला बोलावला.

फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजा वाघमारे म्हणाल्या, "अळी कुठली ते तरी बघू द्या."

झालं, उत्तमरावांना वेगळाच वास आला. आपण पॅसेजमधला त्यांचा चपलांचा स्टँड काढायला लावला, त्याचा डूख धरलाय बाईंनी! नाहीतर रोज सकाळी डबा घेऊन घोळापाशी वाकायचं कारण काय? अळ्या सोडतात, दुसरं काय! ते शेवग्याआड उभे राहून पाळत ठेवू लागले. शेवगा त्यांनी स्वतः लावलेला, रोज खोडावर हात फिरवून जपलेला. गोकुळाष्टमीला त्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या नसल्या तर त्यांना सण झाल्यासारखंच वाटत नसे, आणि अष्टमी या सोमवारीच होती. खोडाला टेकून ते बाईंवर नजर ठेवत आणि करकरा हात खाजवत.

रविवारी त्यांनी बाईंना गाठलंच. "डबा उघडा."

सरोजाबाईंनी उघडला. आत घोळाची पानं, रिकामा कोष आणि झाकणाला लटकलेलं नारिंगी फुलपाखरू. "छोटा चांदवा. फोटोवरून खात्री वाटेना, म्हणून एक अळी पाळली. मादी निघाली." मग त्यांनी घोळावरची एक अळी उचलून स्वतःच्या मनगटावर चालू दिली.

उत्तमराव गांधी उठायची वाट बघत राहिले. काहीच उठलं नाही.

"मग मला काय झालंय?"

"पाठ पण खाजतेय ना?"

"तुम्हाला कसं माहीत?" ते उसळले.

"रोज शेवग्याला टेकून माझ्यावर लक्ष ठेवता, दिसत नाही का मला? खोड बघा."

त्यांच्या नेहमीच्या जागेच्या जरा वर, सालीच्याच रंगाचे केसाळ सुरवंट एकमेकांना चिकटून बसले होते. उत्तमरावांना लाज वाटली आणि भयंकर रागही आला. कुणावर, ते त्यांनाच कळेना.

तेवढ्यात फवारणीवाला आला. "अंकल, किधर मारने का है?"

ग्रुपवर घोळावरच फवारायचं ठरलं होतं. खोड बाकी कुणी पाहिलं नव्हतं. उत्तमरावांनी उद्याच्या भाजीसाठी राखलेल्या शेवग्याच्या कोवळ्या पाल्याकडे एकदा बघून घेतलं.

"घास को हाथ नहीं लगाने का. ये पेड़ मारो. ऊपर तक."

सरोजाबाईंचा विश्वास बसला नाही. फवारणीवाला गेटबाहेर जाईपर्यंत त्या डबा छातीशी धरून घोळासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी उत्तमरावांवरची नजर हलवली नाही.