चार बोटं कमी पडलेली पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे; मला करून अजून वर्षही झालेलं नाही. पण मित्रांनो, जिचं काम सुरू व्हायच्या आधीच संपलं, तिने स्वतःला नवी तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? दोन भावांच्या सुतारकामाच्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून मी पडून असते. मला पुढे जाळीचं दार आहे, दोन्ही बाजूंना हवेसाठी भोकं आहेत आणि ‘ही बाजू वर’ असं सांगणारा एक लाल बाण आहे. मला विमानातून जायचं होतं, आणि माझ्या पोटात बसून भुरीला.

भुरी ही धाकट्या भावाची कुत्री. अकरा वर्षांची, उभ्या कानांची, परक्या माणसाला उंबरठ्यावरच अडवणारी. पण धाकटा समोर आला की तिचा सगळा ताठा उतरायचा. कान मागे पाडून, मान खाली घालून ती त्याच्या पायाशी उभी राहायची आणि त्याचा हात डोक्यावर पडेपर्यंत हलायची नाही. पिल्लू होती तेव्हापासूनची ही तिची रीत होती. घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी भिंतीला लावलेल्या फळ्या होते तेव्हापासूनचं मला आठवतं. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, त्यामुळे तिथलं बोलणं मला स्पष्ट ऐकू यायचं. धाकट्याची बायको नर्स. तिला समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात नोकरी लागली आणि ती, नवरा आणि बारा वर्षांची लेक असे तिघे कायमचे तिकडे जाणार हे पक्कं झालं. भुरीचं काय, हा विषय पहिले दोन आठवडे कोणी काढलाच नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी एका सकाळी थोरल्याने सहज म्हटलं की भुरीला मी ठेवून घेतो, तिच्या सवयीची जागा आहे. त्यावर धाकटा असा खवळला की थोरला चहा अर्धा टाकून उठला.

मग रोजचीच कटकट सुरू झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तब्येत ठीक आहे, पण वय झालंय आणि प्रवास सव्वीस तासांचा आहे. लेकीने जेवण टाकलं. भुरी नाही तर मीही नाही, असं तिने आईला सांगून टाकलं. आईला काय सुचावं? इस्पितळात दहा जणांना धीर देणारी ती बाई घरी मात्र टेकीला आली होती.

“नेलं तर वाटेत जाईल, ठेवलं तर इथे झुरून जाईल,” एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली. “माझ्याच्याने हे ठरवणं होत नाही. तुम्ही ठरवा. पण पुढे काही झालं तर मला बोलू नका.”

धाकटा उठला, दुकानात आला आणि त्याने माझ्यातली पहिली फळी उचलून बाकावर ठेवली. लेक दारात उभी होती. ती तशीच धावत आत गेली आणि ताटावर बसली.

आता धाकट्याच्या हाताबद्दल सांगायला हवं. तो कपाटं करायचा, थोरला त्यांना पॉलिश करायचा. धाकट्याने केलेला खण आत ढकलला की आतली हवा दबून शेजारचा खण आपोआप थोडा बाहेर यायचा, इतका तो नेमका बसायचा. कामात जागा सुटली की त्याला रात्रभर चैन पडत नसे. विमान कंपनीचा कागद त्याने भिंतीला खिळ्याने ठोकला होता. त्यावर लिहिलं होतं की जनावराला पेटीत मान वर करून उभं राहता आलं पाहिजे आणि वळता आलं पाहिजे. तो त्याने दोनदा वाचला, टेप घेतली आणि भुरीला हाक मारली. ती आली आणि समोर उभी राहिली. त्याने तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा एकच आलं. त्यावर दोन बोटं जागा सोडताना त्याचा जीव वरखाली झाला, पण कागदासाठी त्याने ती सोडली.

माझं फार कौतुक झालं. शेजारचे दुकानदार बघायला आले. असल्या पेटीला कोणी पॉलिश करत नाही, पण रुसवा विसरून थोरल्याने मला दोन हात पॉलिश केलं. खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. भुरीला माझी सवय व्हावी म्हणून तीन आठवडे ती रोज दुपारी माझ्यात बसायची. धाकटा दारासमोर बसून काम करायचा आणि ती हनुवटी माझ्या उंबऱ्यावर ठेवून त्याच्याकडे बघत पडायची. तिच्या अंगाची ऊब माझ्या फळ्यांत उतरायची. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे.

निघायच्या दिवशी सकाळीच आम्ही विमानतळाच्या माल चढवायच्या इमारतीत पोचलो. थोरला टेम्पो घेऊन आला होता. खिडकीमागे एक प्रौढ बाई होती. तिने भुरीला लस टोचल्याचे दाखले बघितले, डॉक्टरांचं पत्र बघितलं, सगळ्यावर शिक्के मारले. मग ती बाहेर आली आणि तिने भुरीला माझ्यात सोडायला सांगितलं. एवढ्यात मागून सामानाची गाडी खडखडत गेली. भुरी माझ्यात ताडकन उभी राहिली. तिने मान वर केली, कान उभारले, आणि ते कान माझ्या छताला लागून दुमडले. डोकंही टेकलं. तिला मान वाकडी करावी लागली. 

बाईने पट्टी लावून बघितलं. चार बोटं कमी.

धाकट्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, मी तीनदा मोजलंय. मग म्हणाला, कानांपुरती छताला भोकं पाडतो. मग म्हणाला, कुठून तरी करवत मिळवून द्या, मी इथेच छत उचलून देतो. बाईच्या आवाजात राग नव्हता. असंच एक कुत्रं तिच्या पाळीत लहान पेटीतून पाठवलं होतं आणि ते गुदमरून मेलं होतं, तेव्हापासून ती कोणाचं ऐकत नाही, असं तिने सांगितलं. एवढ्या मोठ्या मापाची तयार पेटी तिथे कोणाकडे नव्हती. विमानाला दोन तास होते. बायकोच्या कागदांप्रमाणे तिघांना त्याच आठवड्यात तिकडे पोचणं भाग होतं, नाहीतर नोकरी जाणार होती. महिनोन्महिने ज्यावर घरात बोलणं चाललं होतं, ते आता त्या खिडकीसमोर उभ्याउभ्या ठरवायचं होतं.

“मी थांबतो,” धाकटा म्हणाला.

 तो थांबला तर त्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार होते, आणि ते होतील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. लेक माझी जाळी दोन्ही हातांनी धरून बसली होती. शेवटी थोरल्यानेच तिची बोटं एकेक करून सोडवली. भुरीला मी घरी नेतो, दुसरी पेटी करतो आणि महिन्याभरात पाठवतो, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता.

धाकटा निरोप घ्यायला माझ्या दारात वाकला. तो दिसताच भुरीचे कान मागे गेले, मान खाली गेली, आणि ती माझ्यात अगदी नीट मावली. वर दोन बोटं जागासुद्धा राहिली. धाकट्याचा हात तिच्या डोक्यावर तसाच थबकला.

“दादा,” तो म्हणाला, “माझ्यासमोर ही कधी सरळ उभीच राहिली नाही रे.”

मित्रांनो, त्याच्या हातात काही खोट नव्हती. माझाही एक सांधा चुकलेला नाही. तरी आम्ही दोघांनी मिळून तिचा घात केला, आणि कोणी कितीही समजावलं तरी हे माझ्या मनातून जायचं नाही.

थोरल्याने शब्द पाळायला खटपट केली. पण डॉक्टरांच्या पत्राची मुदत संपली, नवं पत्र घ्यायला गेल्यावर भुरीचं वजन उतरलेलं दिसलं, आणि डॉक्टरांनी सही करायचं नाकारलं. ती माझ्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती. थोरला हाताने भरवायचा. पहिले काही दिवस त्याचं मन राखायला ती दोन घास खायची, पुढे तेही बंद झालं. विमानतळावरून परतल्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशी, दुपारी, दुकानात यंत्र चालू असताना ती माझ्यात पडल्यापडल्याच गेली. श्वास थांबल्याचं फक्त मला कळलं. थोरल्याला कळलं ते संध्याकाळी.

तो दर रविवारी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्या रविवारी त्याने सांगायचं ठरवलं होतं. सकाळपासून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. पण फोनवर आधी लेक आली, आणि तिने विचारलं, “काका, भुरी काय करतेय?”

“झोपलीये,” तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी तो एक जाडी घोंगडी गोळा करून माझ्यात ठेवतो, तिला पाठीसारखा बाक देतो आणि लांबून फोन माझ्या दाराकडे धरतो. लेक हळू आवाजात हाक मारते आणि मग म्हणते, झोपू दे तिला. फोन ठेवल्यावर थोरला माझ्या शेजारी भुश्यातच बसून राहतो. मला मोडून टाकायला त्याने दोनदा हातोडा उचलला होता. मोडलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी मुका जीव असेल आणि तुम्हाला दूर जायचं असेल, तर न्यायचं की ठेवायचं हे वेळेत ठरवा, आणि काहीही ठरवलं तरी त्याच्याकडे एकदा दुरून, परक्याच्या नजरेने बघा. नंतर जे घडेल ते एकमेकांपासून लपवू नका. मला एवढंच कळतं. आणि हेही मी तुम्हाला सांगते आहे, कारण ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापर्यंत माझा आवाज जात नाही.

गेल्या रविवारी धाकट्याने तिकडून फोनवर काहीतरी दाखवलं. तिकडच्या सुतारखान्यात काम संपल्यावर तासभर थांबून, उरलेल्या फळ्यांची, तो नवी पेटी करतो आहे. ती घेऊन स्वतःच भुरीला न्यायला येईन म्हणाला. चांगली उंच आहे. दार तेवढं बसवायचं राहिलंय.