पोत्याखालचा उजेड

"आजपासून या घरात अंधार नावाची चीज राहणार नाही," गवंड्यानं शिडीवरून जाहीर केलं, आणि शिडीची पायरी मोडून तो चुन्याच्या घमेल्यात बसला. उठला तेव्हा घरातल्या कुठल्याही भिंतीपेक्षा त्याची मागची बाजू उजळ दिसत होती.

"सुरुवात तर झाली," त्याची बायको म्हणाली.

दारात बसलेल्या म्हातारीला, म्हणजे गवंड्याच्या आईला, हे ऐकू आलं. दिसलं नाही. गेल्या सुगीपासून तिला दिसतच नव्हतं, आणि ही गोष्ट तिनं पोटात ठेवली होती.

त्यात स्वयंपाकघराची तिला मोठी साथ. घराच्या मागं काढलेलं ते एक बोळकांडं. खिडकी नाही. भिंती धुरानं अशा काळ्या, की मांजर आत शिरलं तर बाहेर येईपर्यंत त्याचा भरवसा नाही. तिथं डोळे असलेला आणि नसलेला सारखाच. पोचा आलेला डबा साखरेचा, कान तुटलेली बरणी मिठाची, झाकण खुळखुळतं तो तिखटाचा. सगळे शेतात गेले की म्हातारी चूल पेटवायची. ढेकळं तुडवून, उन्हानं करपून माणसं परतायची तेव्हा जेवण तयार. चटके बसायचे. ते ती पदराखाली झाकायची.

भीती एकच होती, खाटेची. तिची सासू डोळ्यांनी गेली, तेव्हा तिला ओसरीवर खाट टाकून दिली होती. समोर ताट यायचं, ताटात कोंबड्या यायच्या. सासू काठी आपटून विचारायची, "कोण आहे?" आणि कोंबड्यांशिवाय कुणी ओ द्यायचं नाही.

"लोकांची घरं मी चकाचक करायची आणि माझ्या आईनं बिळात रांधायचं?" गवंडी बायकोवर तापला.

"काय करायचं ते भिंतींचं करा. माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

"डबे म्हणायचे ते? भंगारवाला फुकट नेणार नाही."

"मला तसेच लागतात."

"तुला आवरायचा कंटाळा. सरळ सांग की."

शेजारणींनीही तेच ठरवलं होतं: सून आळशी. कंटाळ्यानं का होईना, सून आपल्या बाजूनं भांडतेय, एवढ्यावरच म्हातारीचा जीव तगून होता.

पण सून शेतात गेली आणि गवंड्यानं डाव साधला. जुनं सगळं उकिरड्यावर. फळीवर नवे, एका मापाचे, चकचकीत डबे, शाळेतली पोरं रांगेत उभी केल्यासारखे. भिंतींना चुन्याचे हात. छपरात काचेचं कौल. त्या दिवशी म्हातारीनं चूल पेटवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

भर दुपारी सून परतली, नव्या डब्यांची झाकणं उघडून एकेक चाखून बघू लागली. तेवढ्यात गवंड्यानं हाक मारली, "आई, आत ये. सांग, कसं वाटतंय?"

म्हातारी चाचपत उंबरा ओलांडून आली. चुन्याचा वास नाकात भरला. तिनं मान वर केली, कपाळावर हात आडवा धरला.

"लख्ख रे बाबा. डोळे दिपले."

म्हातारीला वाटलं, कौतुक कमी पडलं.

"सुई सांडली तरी सापडेल," तिनं भर घातली.

काचेच्या कौलावर अजून पोतं झाकलेलं होतं. त्याची दोरी गवंड्याच्या हातात होती. आईला मधोमध उभी करून मगच ओढायची, असा त्याचा बेत होता. आत नेहमीचाच काळोख होता.

"आई," तो हळू म्हणाला, "जरा मीठ दे."

म्हातारी फळीकडे वळली. बोटं डब्यांवरून फिरली. पोचा नाही, तुटका कान नाही. सगळे गुळगुळीत, सगळे परके. तेवढ्यात डावीकडे एका डब्यावर बांगडी वाजली. मग पुन्हा, जरा जोरात. हात तिकडे गेला. झाकण काढून तिनं बोट जिभेला लावलं. मीठ होतं.

डबा छातीशी धरून ती उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" गवंड्यानं बायकोला विचारलं.

"रोज डबे जागच्या जागी कोण ठेवत होतं? उंदीर?"

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय? खाट टाकली असतीत."

खाटच टाकली असती, हे गवंड्यालाही ठाऊक होतं. हातातली दोरी ओढली गेली. पोतं सरकलं आणि उजेड धबकन खाली आला, नेमका म्हातारीच्या हातांवर. जुने डाग, नवे डाग, एक फोड अजून ओला. एवढं स्वयंपाकघर उजळून त्याला तेवढंच दिसलं.

"टाक बाबा खाट," म्हातारी म्हणाली. "फक्त कोंबड्यांच्या वाटेत नको."

"कुणी खाट टाकत नाही," सून म्हणाली. "आत्या, आगीपाशी मी बसेन. बाकीचं तुम्ही बघा. अहो, उभे काय राहिलात? उकिरड्यावर जा. मिठाची बरणी आधी शोधा."

गवंड्यानं घमेलं उचललं. दारात थांबला. काहीतरी मोठं बोलावं, असं त्याला फार वाटत होतं.

"आई, मी..."

"उकिरडा कुठं जात नाही," म्हातारी म्हणाली. "आधी ते पोतं वर टाक. टाळू भाजतेय."