पेवात ठेवलेली चांदी

माझी बहीण सुभद्रा अंजनगाव सुर्जीला दिली, ते साल शके १७८५. त्या लग्नात माझ्या वडिलांनी, नत्थुजींनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. तीन सालांआधी त्याच बैलांना नवा दोर घ्यायचा तर ते आठवडाभर विचार करत. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना चांदीचा भाव आला होता. आमचं गाव भातकुलीजवळ. त्या काळात गावात ज्वारी पेरणारा माणूस वेड्यात निघायचा.

लग्न उरकल्यावर हाती राहिलेले रुपये ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला. आमच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खणलेली ज्वारीची कोठी, तोंड अरुंद, पोट मोठं. वडिलांनी रुपयांचा हंडा तळाच्या ज्वारीत गळ्यापर्यंत पुरला, वर वीतभर ज्वारी पसरली, तोंडावर दगड ठेवला आणि मातीनं लिंपून टाकला. हे त्यांना माहीत आणि मला. आईलाही नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो.

पेव उघडायची एक रीत आहे. दगड काढल्यावर दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, कारण बंद पेवात हवा मरते. मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. आमच्याकडे दिवा सोडायचा मान शेजारच्या इनायतुल्ला पिंजाऱ्याचा. आळीतले लोक टोपल्या घेऊन जमायचे आणि पहिली ज्वारी त्यांच्या टोपल्यांत पडायची. असं ते चारचौघांत उघडायचं काम.

पुढच्या सालच्या हिवाळ्यात आम्ही कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलो. तिथे चिंचेखाली रामराव मास्तर बसत. मूळचे अकोल्याकडचे, ख्रिस्ती झालेले. गाडीवाल्यांना आपलं शास्त्र वाचून दाखवत. त्या दिवशी ते सांगत होते, की एका चाकराला दोन मालक झेपत नाहीत. देवाची चाकरी करा, नाहीतर धनाची.

वडील मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, धनाची चाकरी कोन करते? धन आमची चाकरी करून राहिलं. पाहा, बैलाच्या शिंगावर चढलं!"

गाडीवाले हसले. मास्तरही हसले. "बैलाले इचारलं का नत्थुजी, त्याले ते जड होते का हलकं?"

"बैल बोलत नाही म्हणून तं तो बैल हाय."

"बरं. आता हे ऐका. आपल्या मराठीत इथं धन लिहिलं. मूळ पोथी ग्रीक नावाच्या भाषेतली. त्या भाषेत धनाले स्वतःचा शब्द हाय. पण लिहिणाऱ्यानं इथं तो घातला नाही. येशूच्या मुलखातल्या बोलीतला शब्द तसाच ठेवला. मामोन."

"अन् मामोन म्हंजे काय?"

"धनच. पण काही जाणते म्हणतात, त्याचा मुळातला अर्थ, ज्याच्यावर माणूस भरवसा टाकते ते. कोनाले नक्की ठाऊक नाही. मले मात्र तो अर्थ पटते."

"भरवसा टाकला तं बिघडलं काय? तो मालक कसा झाला?"

"तो सांगते ते आपण ऐकतो का, एवढं पाहा. ऐकलं, तं तो मालक."

"मंग माह्या घरी मामोन म्हंजे माही बायको!" वडील म्हणाले. यावर इतका हशा झाला की मास्तरांनी पोथीच मिटली.

परतीच्या वाटेवर वडील गाडी हाकत होते. नदी ओलांडल्यावर म्हणाले, "जान्या, पेवाचं कोनापाशी बोलला नाही ना?"

"नाही, बाबा."

"बोलू नको."

शके १७८७ उजाडलं. लढाई संपत आल्याची बातमी आली आणि कापूस पडला. ज्वारी मात्र महाग, कारण ती कोणी पेरलीच नव्हती. माझी आई मैनाबाई बाजारातून ज्वारी आणून थकली होती.

"अंगणात पेव असून मी दुसऱ्याच्या दारी टोपलं घेऊन काहून जाऊ?" ती म्हणाली.

"थांब थोडं."

"दोन सालं थांबली. आखाजीले उघडतो म्हणून आळीत सांगून आली मी. आता तुमीच जाऊन नाही म्हना लोकाइले."

वडिलांना नाही म्हणता येईना. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सहा दिवस होते. त्याआधी हंडा बाहेर काढायचा तर एकच वेळ होती, बाजाराचा दिवस. त्या दिवशी सारं गाव भातकुलीला जाई. आईही गेली. आळीत उरलो आम्ही दोघं आणि कुंपणापलीकडे इनायतचाचा. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज टण्ण टण्ण येत होता.

आम्ही दगड सरकवला. दोन घटका थांबलो, तरी खालून आंबूस वास येतच होता.

"दिवा सोडू का, बाबा?"

"भर दुपारी दिवा पेटोला तं इनायत इचारन. लोकं बाजारातून येतपर्यंत झाकलं पाह्यजे." त्यांनी दोर कमरेला बांधला. "दोन घटका मोकळं होतं, पुरे झालं."

मी दोर सोडत गेलो. तळाला पाय टेकल्यावर त्यांचा आवाज आला, "हाय, हाय." ज्वारी उपसल्याची सळसळ ऐकू आली. मग दोराला हिसका बसला. मी ओढला. वर आला तो हंडा. त्यांनी दोर स्वतःच्या कमरेचा सोडून हंड्याला बांधला होता.

"बाबा," मी हाक मारली. हळू मारली. उत्तर आलं नाही.

पलीकडे धनुकली वाजत होती. एक आरोळी पुरली असती. पण हंडा माझ्या पायाशी होता आणि चाचा आला असता तर त्याला तो दिसला असता. मी हंडा फरपटत गोठ्यात नेला. त्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, एक सरकली ती पुन्हा नीट लावली. मग येऊन ओरडलो.

इनायतचाचा कुंपण मोडून आला. त्यानं आधी दिवा सोडला. तो निम्म्यातच विझला. त्यानं मला आत पाण्याच्या घागरी ओतायला लावल्या, घोंगडीनं वारा घातला, तोंडाला ओला फडका बांधला आणि कमरेला दोर बांधून उतरला. वडिलांना वर काढून अंगणात निजवलं तेव्हा त्याचेच ओठ काळे पडले होते.

"कव्हाची गोष्ट, बेटा?"

"आताच, चाचा."

त्यानं अंगणाकडे पाहिलं. पेवापासून गोठ्यापर्यंत धुळीत हंडा फरपटल्याची रेघ होती. तो उठला, पायानं ती रेघ पुसली आणि माझ्या वडिलांचे डोळे मिटले. पुढं जगला तोवर त्यानं मला त्याबद्दल विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर आईनं पेवातली, पाण्यातून वाचलेली ज्वारी टोपल्या भरभरून आळीत वाटली. चांदी तीन वर्षांत बियाण्यात आणि शेतसाऱ्यात गेली. मी चाळिशी उलटल्यावर रामराव मास्तरांकडे अक्षरं शिकलो. मला त्यांच्या पोथीतली दोन मालकांची ती एक जागा स्वतः वाचायची होती. वाचली. तिथं धन असंच लिहिलं आहे.

माझे वडील नत्थुजी शके १७८७, चैत्र वद्य द्वादशीला, बाजाराच्या दिवशी भर दुपारी वारले.