शेणव्याच्या मशीनवरची झीज

काटा दोन रेघा पुढे गेला आणि थांबला. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोक्याचा केस सहा-सात रेघा जाड असतो. वर्षाने वहीत वीसच्या पुढे दोन लिहिले. धातू कातणाऱ्या लेथची स्लाइड चकपासून, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्यापासून, आणखी वीस मिलिमीटर सरकवली, मापाचा पोलादी ठोकळा लावला, पुन्हा काटा पाहिला. पाच. पुढच्या वीसला चार. मग एक. त्यापुढे काटा शून्यावरून हलेना.

दोन, पाच, चार, एक, शून्य. हे आकडे तिला पाठ होते.

“काय मोठा घोळ हाय का वर्षाताई?” प्रणितने चहाचा ग्लास पुढे केला. शेणव्यात त्याची ही एवढी एकच लेथ. “दोन म्हयने झाले, केलेला बुश बसतच नाय. कुठं सैल, कुठं घट्ट. मी तर लिंबू-मिरचीपण बांधून पायली.”

“लिंबाने काही बिघडलं नाही ना?”

“नाय, पण सुधारलं बी नाय.”

सकाळी त्याचा फोन मुरबाडच्या वर्कशॉपवर आला तेव्हा तिचा भाऊ शेखर नाशिकला गेला होता, म्हणून फोन तिने उचलला. ‘दादांनी बसवलेला कंट्रोलर’ असे प्रणित म्हणाला, तेव्हा तिला वाटले, हा कुठल्या तरी दुसऱ्याच दादाबद्दल बोलतोय. शेखर गेले वर्षभर दर आठवड्याला शहापूरकडे जायचा तो माल आणायला, एवढेच तिला ठाऊक होते.

मुरबाडच्या त्यांच्या लेथचा कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारा संगणकी मेंदू, तीन वर्षांपूर्वी मेला. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केले होते, आणि मशीन भंगारात द्यायची असे घरात ठरतही आले होते. वर्षा भौतिकशास्त्र शिकलेली. तिने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला मोफत कंट्रोलर चढवला. तो कुणीही घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच, की आधी काम केलेल्यांची नावे खोडायची नाहीत आणि आपण काय बदलले ते झाकून ठेवायचे नाही. मोटारी जुळवायला, वायरींमधला गोंधळ निस्तरायला चौदा महिने गेले. शेवटी राहिला स्लाइड पुढे-मागे सरकवणारा स्क्रू. त्या लेथवर वर्षानुवर्षे पंपाचा एकच आखूड बुश, धातूची छोटी पोकळ नळी, निघत होता, त्यामुळे स्क्रू चकजवळच्या ऐंशी मिलिमीटरमध्येच झिजला होता. तिने कुठे किती झीज आहे ते मोजून कंट्रोलरला तक्ता दिला: इथे दोन रेघा दुरुस्त कर, इथे पाच, इथे चार. मशीन नव्यासारखी चालू लागली.

आणि आता शेणव्यात, जवळपास कोऱ्या स्क्रूवर, तीच दुरुस्ती चालू होती.

“फाइल उघडायला लागेल,” ती म्हणाली.

“पासवर्ड हाय त्याला. दादा बोललेत, हात लावायचा नाय, त्यांची शिक्रेट चीज हाय.”

वर्षाने ‘भूमिका’ हे भाचीचे, शेखरच्या मुलीचे, नाव आणि तिचे जन्मसाल टाकले. फाइल उघडली.

वरच्या चार ओळी गेल्या होत्या. तिथे आधी तिचे नाव होते, तारीख होती आणि अडलेल्या रात्रींत पत्रांना उत्तरे देणाऱ्या, कधी न भेटलेल्या दोन परदेशी माणसांची नावे होती. त्या जागी होते: ‘शेखर यांची निर्मिती. सर्व हक्क राखीव.’ खाली सगळे जसेच्या तसे. तक्त्याशेजारी तिने स्वतःसाठी लिहिलेली टीपसुद्धा: ‘बाबांना विचारणे, इथे बुश किती वर्षे काढले?’ त्याने ती वाचलीही नव्हती. वाचली असती, तर तक्ता उचलला नसता.

“प्रणितभाऊ, हा तक्ता आमच्या मशीनचा आहे. तुमच्या स्क्रूला झीजच नाही.”

तो जरा विचारात पडला. “मंजे तुमच्या म्हातारीच्या गुडघ्याचं औषध आमच्या पोरीला पाजलंत?”

“असंच.”

तिने तक्ता काढून टाकला, कोऱ्या स्क्रूचे माप घेतले, नवा तक्ता लिहिला. वरच्या ओळीत त्या दोघांची नावे आणि स्वतःचे नाव पुन्हा घातले. पासवर्ड काढला. दुपारी अडीचला निघालेला पहिला बुश मापात बसला, तसा प्रणित कुणाला तरी फोनवर ओरडून सांगू लागला. तिला आनंद झाला नाही, याचे तिलाच आश्चर्य वाटले.

मुरबाडला परतताना किन्हवलीपाशी स्कूटर थांबवून ती पाणी प्यायली. सकुबाईआत्याचा फोन येऊन गेला होता. आत्याचा धसईच्या बाजारामागचा गाळा दोन पावसाळे रिकामा होता. “तू घेतेस का गो, का भातगिरणीवाल्याला देऊ?” असे ती दर महिन्याला विचारायची. दर महिन्याला वर्षा म्हणायची, हातातली मशीन संपू दे, मग बघू. तिच्या मनात वेगळे काम सुरू करायचे होते, जुन्या लेथना कंट्रोलर बसवायचे; पण बाबांचे वर्कशॉप सोडून जाते म्हणायला जीभ उचलत नव्हती. तिने आत्याला उलट फोन केला नाही. आधी मुरबाड.

शेखर नाशिकहून परतला होता. बाबा, राघो मिस्त्री, खुर्चीत बसून टूलला धार लावत होते.

“शेणव्याला गेले होते,” ती म्हणाली.

शेखरने हातातला पाना ठेवला. “प्रणित्याला फोन करायला मीच गावलो नाय होय? बरं, झालं का ठीक?”

“झालं. अशा किती मशीन बसवल्यास?”

“चार.”

“चारही ठिकाणी आपल्या स्क्रूची झीज टाकलीस?”

तो हसला. “ते तू बघून दे ना वर्षू. तुला दोन तासांचं काम.”

“आणि माझं नाव?”

“अगं, ते फुकटचंच हाय ना? तूच बोलतेस, सगळ्या जगाचं. मग तुझं काय गेलं?”

“फुकट आहे म्हणून घे, दादा. हवं तितक्यांना दे. पण नावं का खोडलीस? कुलूप का लावलंस?”

“गिऱ्हाईक इचारतं, कोणी केलंय. बहिणीनं केलंय असं सांगितलं तर मला बोलतील, तू काय चहा आणतोस काय? लोकांचं डोकं तुला नाय कळत.”

“मला फाइल कळते. तुला ती वाचायलापण नको वाटली.”

“बाबा, बघा कशी बोलते ती!”

धार लावणे थांबले नव्हते. वर्षा वळली. या वर्कशॉपमध्ये प्रत्येक टर्नर आपण कातलेल्या जॉबच्या तोंडावर आपल्या अक्षराचा ठसा मारतो. चूक निघाली तर कुणाच्या हातची ते कळावे म्हणून. ही रीत बाबांची. ती एकवीस वर्षांची असताना त्यांनीच ‘व’ कोरलेला ठसा घडवून तिच्या हातात ठेवला होता.

“बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?”

बाबांनी टूल उजेडात धरून पाहिले. “होतं.”

“कधीपासून?”

“पयल्यापासून. शेखऱ्याचं नाव चालतं गो भायेर. तू काय, आज ना उद्या तुझ्या घरी जाशील. मग मागं कोणाचं नाव ठेवायचं?”

ती चौतीस वर्षांची होती. हे वाक्य बाबा टूलकडे बघून बोलले, तिच्याकडे नाही. आणि शेखरवर आला होता त्याहून मोठा संताप तिला त्या न बघण्याचा आला. घरातले सगळे जाणून होते, आणि चौदा महिने तिने मान मोडून केलेले काम दुसऱ्याच्या नावावर जात असताना तिच्यासमोर रोज जेवायला बसत होते.

“उद्या खर्डीची मशीन हाय,” शेखर समजुतीने म्हणाला. “तू ये माझ्यासंगं. माप तू घे. हितकं राग नको धरूस.”

“मी येणार नाही,” वर्षा म्हणाली. “बाबा, मी आत्याचा धसईचा गाळा घेतेय. उद्यापासून माझं काम तिथे, माझ्या नावानं.”