समुद्रावर राहिलेला अर्विद

दर बुधवारी सकाळी साडेनऊला अर्विद मरायचा. खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या जहाजाचा भोंगा वाजला की राग्ना त्याच्या हातातला कॉफीचा कप काढून घ्यायची, त्याची टोपी खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवायची, कोणी बसू नये म्हणून खुर्चीला आडवी दोरी बांधायची आणि म्हणायची, "चल, नीघ." मग तो मागच्या दाराने होड्या ठेवायच्या खोपीत जाऊन बसायचा आणि पिवळी जाकिटं घातलेले चाळीस प्रवासी त्याच्या घरात त्याच्यासाठी रडायला यायचे.

सगळा घोळ एका शब्दाने केला होता. नॉर्वेच्या या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर बुडालेल्या माणसाला बुडाला म्हणत नाहीत, समुद्रावर राहिला म्हणतात. तीन वर्षांपूर्वी जहाजावरची गाइड सिल्ये प्रवाशांची पहिली तुकडी घेऊन दारात आली आणि तिने राग्नाला विचारलं, नवरा कुठे आहे? त्या दिवशी मासळी जोरात लागली होती आणि अर्विदला जेवणाची शुद्ध नव्हती. राग्ना वैतागून म्हणाली, "राहिला समुद्रावर, दुसरं काय!" सिल्येने डोळ्यांना रुमाल लावला. तिने ते प्रवाशांना सांगितलं, एका म्हातारीने राग्नाचा हात हातात घेतला, आणि चूक दुरुस्त करायची ती राहूनच गेली. पुढच्या मोसमात जहाजाच्या माहितीपत्रकात 'कोळ्याच्या विधवेच्या घरी कॉफी आणि वॉफल' असं छापूनच आलं. छापलेल्या मजकुरापुढे जिवंत माणसाचं काय चालणार?

ग्रोनेस गावात घरं अकरा. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कोणी तोंड उघडलं नाही, कारण तोंड न उघडण्यात त्या गावाचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त शेजारचा ओडवार बुधवारी भेटला की विचारायचा, "काय रे, आज कितव्यांदा?"

यंदा मात्र अर्विदने पाय रोवले.

"येत्या बुधवारी मला सत्तर पूर्ण होतात," तो म्हणाला.

"मग?"

"मग मी खोपीत जाणार नाही. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसणार."

"आणि त्या प्रवाशांना काय सांगू? पोहत परत आला?"

"खरं काय ते सांग. वाढदिवसाला तरी मला जिवंत राहू दे की!"

राग्नाच्या विणायच्या सुया थांबल्या. "बरं, सांगते. पण मी हाक मारेपर्यंत स्वयंपाकघरात गप्प बस. गप्प बसायला तुला शिकवायला नकोच म्हणा."

बुधवारी अर्विदने स्वच्छ दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. तीन वर्षांत आपल्यामागे काय बोललं जातं ते त्याने कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकू आलं.

"चव्वेचाळीस वर्षांत त्याने एक गोड शब्द काढला नाही," राग्ना सांगत होती आणि सिल्ये ते प्रवाशांच्या भाषेत सांगत होती. "पण हिवाळ्यात रोज माझ्याआधी उठून माझे बूट चुलीपाशी ठेवायचा, ऊब यावी म्हणून. त्याला वाटायचं, मी झोपलेय."

अर्विदचे कान तापले. म्हणजे ती जागी असायची! आणि हे तिने दर बुधवारी परक्यांना सांगितलं, पण त्याला एकदाही नाही. त्याला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिच्याविषयी इतकं वाटलं की दाराची कडी धरावी लागली.

"पण आज मला खरं सांगायचंय," राग्नाचा आवाज आला. "तो समुद्रावर राहिलेला नाही. जिवंत आहे. त्या दाराच्या मागे उभा आहे. आज त्याचा वाढदिवस आहे."

सिल्येने हळू आवाजात ते प्रवाशांना सांगितलं. खोलीत हुंदके सुरू झाले. बिचारीला अजून तो दाराआड उभा आहे असंच वाटतं! इतका वेळ वॉफलवरचं तपकिरी चीज चाटत बसलेला एक धिप्पाड गृहस्थसुद्धा चष्मा पुसू लागला.

"अर्विद, ये रे!" राग्नाने हाक मारली.

अर्विद बाहेर आला. कोणाकडे न बघता सरळ खुर्चीपाशी गेला आणि दोरीला हात घातला. सिल्येने त्याचा दंड धरला.

"काका, तिथे नको. त्यांच्या नवऱ्याची आहे ती."

"मीच तिचा नवरा."

"हाच तो, सिल्ये!" राग्ना म्हणाली. "अगं, खरंच!"

"हो मावशी, हो," सिल्येने तिची पाठ थोपटली आणि अर्विदच्या कानाशी लागली. "तुम्ही शेजारचे ना? त्यांच्यासाठी एवढं करता, देव तुमचं भलं करो." तिने त्याला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं.

अर्विदने राग्नाकडे पाहिलं. ती रडत होती की हसू दाबत होती, त्याला कळेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, तुम्ही अर्विदला ओळखत होता का?" सिल्ये म्हणाली. "कसा होता माणूस?"

अर्विदने घसा साफ केला. एरवी त्याला स्वतःच्या घरातही इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत हे सोसलं नसतं.

"वाईट नव्हता," तो म्हणाला. "बायकोवर त्याचा फार जीव होता. तिला कधी म्हणाला नाही. गाढव होता."

सिल्येने ते प्रवाशांना सांगितलं, पण राग्नाला ते आधीच कळलं होतं. ती वॉफलची रिकामी थाळी हातात धरून उभी होती, आणि हसत तर मुळीच नव्हती.

अकराला भोंगा वाजला. पिवळी जाकिटं उतारावरून धक्क्याकडे गेली. राग्नाने दार लावलं, खुर्चीची दोरी सोडली, टोपी उचलून छातीशी धरली आणि कॉफीचा कप पुढे केला.

"बस आता. तुझीच आहे."

अर्विदने स्टूल तिच्या जवळ ओढलं आणि त्यावरच बसला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्या खुर्चीतल्याला बोलता येत नाही."