बोटभर खाली

मी टाचणी बोलतेय. डोक्यावर काळा मणी असलेली, डबीतल्या पन्नासांपैकी एक. बाकीच्यांनी कागद धरले, कापड धरलं. माझ्या वाट्याला घरं आली.

मला उचललं ती मुलगी इमारतींची चित्रं काढायला शिकत होती. वाटी पडली तरी दचकायची, म्हणून मामाच्या घरी तिचं नाव पडलं दचकी. सुरुवातीला तिच्या इमारती आजाऱ्यासारख्या कलायच्या. मग सरांनी युक्ती दाखवली. दूर जाणाऱ्या भिंतीच्या, खिडक्यांच्या सगळ्या रेषा ज्या एका बिंदूत मिळतात, तिथे टाचणी टोचायची आणि पट्टी तिला टेकवून रेषा ओढायच्या. वर्षभर मी पट्टीच्या ढुशा खाल्ल्या, पण तिची घरं ताठ उभी राहिली.

"जागा एकच आहे हां," एक दिवस सर म्हणाले. "नकाशांच्या ऑफिसातले साहेब चित्रं बघून एकीलाच नेणार."

निवड झाली नाही, तर दचकीने मावशीच्या शिलाईच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं. तिच्या तोडीची एकच, तिची मामेबहीण, ताई. मामाने दोघींना नवे कोरे बोर्ड आणले. दचकीने आपल्या बोर्डावर कागद लावला आणि मला आरपार, जपून टोचलं, एकदाच.

वरचे तीन मजले झाले आणि ती पाणी प्यायला उठली. ताई आली. मला उपटलं, बोटभर खाली टोचलं, जुनं भोक नखाने चोळलं. मी ओरडले असते, पण टाचणीला तोंड कुठे?

दचकीने खालचे मजले माझ्याच भरवशावर काढले. असली चूक जवळून दिसत नाही. म्हणून तर सर सांगायचे, बोर्ड उभा करा, दहा पावलं मागे जा. पण मागे सरताना कुणाला धक्का लागेल, सर खेकसतील, या धास्तीने ती कधी उठायचीच नाही. ताईला ते पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी लांबून पाहिलं. "काय हो, वरच्या आणि खालच्या भाडेकरूंचं भांडण झालंय का? अर्धी इमारत इकडे चाललीय, अर्धी तिकडे!"

वर्ग खो खो हसला. सरसुद्धा.

"टाचणी सैल झाली असेल गं," ताईने तिला कुशीत घेतलं.

"माझंच चुकलं, ताई. तू आहेस म्हणून..." तिने मला उपटून ताईच्या हातात ठेवलं. "ही मला डोळ्यांसमोर नको."

आता मी ऑफिसात असते. ताईच्या टेबलामागच्या भिंतीत, तिचं पहिलं छापलेलं चित्र धरून. परवा दचकी फुलं घेऊन आली. मला पाहून कसनुसं हसली.

"हीच ना ती सैल?"

"हो. इथे बघ कशी घट्ट बसलीये!"

तोच बोर्ड मांडीवर घेऊन दचकी आता कापडावर खुणा करते म्हणे. रोज तिचा तळहात माझ्या जुन्या जागेवरून जात असेल. बाई गं, एकदा थांब. बोट फिरवून बघ. सैल टाचणीचं भोक रुंद होतं. त्याची दोन होत नाहीत.